पूर्ण उंचीचा आरसा

२ फेब्रुवारी १९५९, सोमवार

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं तिसरं वर्ष संपत आलं. देशात धरणं उभी राहिली, पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, आण्यांचे नवे पैसे झाले. पण घाटंजीसारख्या बाजारपेठेच्या गावात एका बाईला स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत एका वेळी पाहता येईल असा एकही आरसा नाही. इतिहासात याची नोंद होणार नाही, म्हणून इथे करून ठेवते.

आमच्या घरी एकच आरसा, यांचा दाढीचा. तळहाताएवढा, खालच्या कोपऱ्यात पारा उडालेला. त्यात मी हप्त्याहप्त्यानं दिसते. कपाळ दिसलं की हनुवटी जाते, हनुवटी आणली की कुंकू जातं. आज निऱ्या पाहायला आरसा जमिनीवर ठेवून वाकले, तर पाठीत उसण भरली. अशा परिस्थितीत बाईची पर्सनॅलिटी घडणार कशी?

हे जिनिंगमध्ये काट्यावर बाबू आहेत. दिवसभर कापूस तोलतात, घरी आले की शब्द तोलतात. म्हणाले, आरशाचं काय एवढं, निऱ्या मी पाहून सांगतो. विचारलं, कशा आहेत? म्हणाले, आहेत.

युनूस फ्रेमवाल्याकडे चौकशी केली. पूर्ण उंचीचा आरसा, सागवानी चौकटीसकट, बावीस रुपये. नागपूरहून मागवावा लागेल, निम्मे आगाऊ. म्हणजे अकरा. हिंगाच्या रिकाम्या डब्यात माझे सहा रुपये आहेत. संकल्प: होळीच्या आत आरसा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज 'प्रगत तरुणी मंडळ' स्थापन केलं. त्यामागची प्रेरणा अशी. परवा मिरे आणले, त्या पुडीचा कागद इंग्रजी मासिकाचा निघाला. चित्रात एक तरुणी, उंच टाचा, पुढ्यात टाइपरायटर, चेहऱ्यावर आत्मविश्वास. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत (गणित सोडून). डिक्शनरी घेऊन बसले आणि तासाभरात अर्थ लावला. "जिला आयुष्यात पुढे जायचं आहे त्या मुलीनं कधीही करू नये अशी एक गोष्ट म्हणजे" आणि तिथे कागद फाटलेला.

लगेच दुकानात गेले. उरलेला अर्धा कागद दुकानदारानं बाभुळगावच्या गिऱ्हाइकाला धणे बांधून दिला होता. आता काय कधीही करू नये, हे एकट्या बाभुळगावला माहीत.

हरकत नाही. उरलेलं वाक्य मी अनुभवानं पुरं करीन.

मंडळाचे विषय तीन: पेहराव, काटकसरीची खरेदी, करिअर. यांनी विचारलं, कॅरिअर म्हणजे सायकलचं का?

गुलाम नबी टेलरच्या भिंतीवर जाहिरात लावली. खळ चांगली घट्ट केली होती. शेळीनं खळीसकट खाल्ली. तरीही उपस्थिती दोन.

एक, गुलाम नबीची जुबैदा. वय एकोणीस, जीभ त्याहून थोरली. ती खरं तर माझ्या ब्लाऊजचं माप पुन्हा घ्यायला आली होती, पण बसली. दुसरी, तांड्यावरच्या धरमसिंगाची लाली. बंजाऱ्यांची पोर, सातवी पास, दीड कोस चालत आली. तिला कोणी तरी सांगितलं की बेबीताई अर्ज लिहून देतात. (तिशीच्या आसपासच्या बाईला, एका संस्थेच्या अध्यक्षेला, अख्खं गाव बेबी म्हणतं. यावर एक स्वतंत्र दिवस लिहावं लागेल.)

ग्रामसेविकेच्या जागा निघाल्या आहेत. सातवी पास, वय अठरा ते तीस. यवतमाळला इंटरव्ह्यू. लाली म्हणाली, बाप म्हणते होळीपर्यंत नोकरी लागली तर लागली, नाही तं मुकुटबनकडचा पावना ठरवून टाकतो. पावना बिजवर आहे जी, त्याची मोठी पोरगी माह्यापेक्षा दोनच वर्सांनी लहान.

मी म्हटलं, घाबरू नको, तू आता माझ्या हातात आहेस. जुबैदा खोकली. हवा बदलते आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लेक्चर पहिलं: पेहराव. एक तास दहा मिनिटं बोलले.

लालीच्या अंगावर काय नव्हतं! कोपरापर्यंत बांगड्या, कांचोळीवर आरसे, घागऱ्याला कवड्या, गळ्यात बंद्या रुपयांची माळ. चालली की भांड्यांचं दुकान हलल्यासारखं वाटतं. मी सांगितलं, जिला पुढे जायचं आहे त्या मुलीनं कधीही वाजू नये. (वाक्य असंच असणार.) ऑफिसर लोकांना साधेपणा लागतो. साधी पांढरी साडी, एक घड्याळ, बस.

लाली म्हणाली, घड्याय नाही जी. मी म्हटलं, मग नुसतं मनगट पाहायची सवय कर.

मग तिनं विचारलं, पण मले काम तं तांड्यातांड्यात कराचं आहे ना? तिथल्या बाया पांढरी साडी पाहून म्हणतीन, कोन मेलं? मी म्हटलं, मले नाही, मला. आधी शुद्ध बोल. ती गप्प बसली. मुद्दा पटला.

जुबैदानं मध्येच विचारलं, ताई, तुमच्या ब्लाऊजची बाही या वेळेला मोठी करू की दंड लहान कराल? अशा मुलींमुळेच देश मागे आहे.

डब्यात: सात रुपये.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लालीचा फॉर्म माझ्याकडे. तिनं स्वतःच भरून आणला होता, अक्षर बरं आहे. पण नुसता फॉर्म पाठवणं म्हणजे मीठ न घालता वरण वाढणं. सोबत एक पत्र हवं: ध्येय, आदर्श, ग्रामीण स्त्रीचं भवितव्य. लिहायला घेतलं. चार पानं झाली, अजून लालीचं नाव यायचं आहे.

लिहिता लिहिता एक विचार आला. मुलींना नुसतं सांगून भागत नाही, करून दाखवावं लागतं. तेव्हा त्यांना धीर यावा एवढ्याच हेतूनं एक फॉर्म मीही आणला. वय: एकोणतीस.

शाळेच्या दाखल्यावर १९२३ आहे. ती चूकच असणार. बाबांनी मला लवकर शाळेत घालायचं म्हणून वय वाढवून सांगितलं होतं, असं मला अंधुक आठवतं. खरं साल १९३०. यांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाले, दाखल्यावर शाळेत नाव घातल्याची तारीख एकोणतीस सालची आहे. म्हणजे तू शाळेत गेलीस तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता.

गणिती माणसांशी संसार करणं फार अवघड.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती, हे मला पूर्ण माहीत होतं. पत्राचं अकरावं पान चालू होतं. शेवट जमत नव्हता.

अकरा वाजता लाली दारात. वेचणी सोडून पळत आली होती, ओच्यात अजून कापूस. म्हणाली, बाई, फारम कुठी आहे? दिला का? मी सांगितलं की घाईनं केलेलं काम आणि घाईनं घातलेली वेणी, दोन्ही सुटतात. ती म्हणाली, वेणी मंग घालतो, फारम द्या.

चक्क ओढून नेला. पत्र राहिलं. अकरा पानं!

जाता जाता तिला म्हटलं, हा एक फॉर्म तेवढा माझ्यासाठी दे, एका ओळखीच्या बाईंचा आहे. तिनं त्यावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नीट घडी करून कापसात ठेवला. चांगली मुलगी आहे.

डब्यात: आठ रुपये.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक्चर दुसरं: काटकसरीची खरेदी. प्रत्यक्ष बाजारात, दोघींना घेऊन.

लालीजवळ नऊ रुपये. बारा दिवसांची वेचणी, त्यात आईनं घातलेले थोडे. तेवढ्यात इंटरव्ह्यूची साडी. ती एका सुती लुगड्यापाशी थबकली. मी ओढून पुढे नेलं. लुगडं नेसून करिअर होत नाही.

नागपूरच्या एका फिरत्या विक्रेत्याकडे नायलॉन होतं. नायलॉन! पांढरं, पातळ, जांभळी बारीक नक्षी. वाऱ्यावर टाकलं तर तरंगतं. किंमत बारा. मी त्याला शांतपणे समजावलं की तू परगावचा, आम्ही इथल्या, पुन्हा तोंड दाखवायचं आहे की नाही? दहा. मग मी पाठ फिरवली. (बार्गेनचं मर्म पाठीत असतं.) नऊ! लालीच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे आनंद दिसेना. मागाहून म्हणाली, बाई, तुमी पाठ फिरवली तवा तो जुबैदाले म्हणे, आठात देऊन राह्यलो होतो, पण तुमच्या बाईनंच नऊ म्हणलं.

मी नऊ म्हटलं ते आकडा म्हणून, किंमत म्हणून नव्हे.

विक्रेता म्हणाला, बाई, या कपड्याला इस्त्री लागत नाही. ही माहिती नोंदवून ठेवते.

५ मार्च, गुरुवार

इंटरव्ह्यूचं पत्र आलं. लालीलाही आणि मलाही. १२ मार्च, सकाळी अकरा, यवतमाळ.

यांना दाखवलं. उलटून पालटून पाहिलं, मागं काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि म्हणाले, दाखला मागतील. मी म्हटलं, पर्सनॅलिटीसमोर दाखला कोण मागतं? म्हणाले, कारकून.

आजपासून रोज पहाटे अर्धा तास चालणं. साखर बंद.

६ मार्च

गार वारा होता. चालले नाही. साखर उद्यापासून, आज पुरण उरलं होतं.

८ मार्च, रविवार

पायांत गोळे. चालण्याच्या नुसत्या विचारानंही येतात असं दिसतं.

लाली आणि जुबैदा आल्या होत्या. लेक्चर तिसरं: करिअर. खोलीत शिरावं कसं, बसावं कसं, विचारल्याशिवाय बोलू नये, विचारलं तरी थोडं बोलावं. दीड तास बोलले. जुबैदा शेवटी भिंतीला टेकून घोरत होती. लाली मात्र शेवटपर्यंत ऐकत होती. ही मुलगी ऐकून घेते. तिच्यातला हा गुण मीच घडवला.

डब्यात: दहा रुपये.

११ मार्च, बुधवार, दुपारी २

इंटरव्ह्यू उद्या. लालीनं साडी आणली. घडी सरळ होती, पण कडक नव्हती. मी म्हटलं, ऑफिसरपुढे जायचं तर कापड बोललं पाहिजे. इस्त्री लागत नाही याचा अर्थ करू नये असा होत नाही.

२.२०

गुलाम नबीकडून कोळशाची इस्त्री आणली. निखारे त्यानंच भरून दिले. मी म्हणाले, नायलॉनला हवी आहे, तर त्यानं हातातला चिमटा तसाच धरला. म्हणाला, ताई, या कपड्याला इस्त्री नका लावू. हा कापूस नाही, हा रबराचा भाऊ आहे. मैं तो दुकान में हात नहीं लगाता. जुनी माणसं नव्या गोष्टींना भितात. मी त्याला तसं प्रेमानं सांगितलं.

२.३५

पदरापासून सुरुवात.

२.३६

वास.

३.१०

लिहायचं मनात नव्हतं, पण सत्य लिहिण्यासाठीच ही वही आहे. इस्त्री टेकवली, ती उचलल्यावर एकटी आली नाही. पदराचा तुकडा सोबत आला. पदराच्या मधोमध आता इस्त्रीच्या आकाराचं भोक आहे. कडा काळ्या, कुरळ्या. आकार मात्र अगदी स्वच्छ उमटला आहे, टोकसुद्धा.

हा दोष नायलॉनचा. विक्रेत्यानं स्पष्ट सांगायला हवं होतं.

लाली रडली नाही. रडली असती तर मला काही तरी बोलता आलं असतं. भोकातून तिनं हात घालून पाहिला. मग म्हणाली, बारा दिवसाची वेचणी होती जी. एवढंच.

जुबैदा मात्र बोलली. म्हणाली, ताई, त्या पुडीवर काय लिवलं असन सांगू? पुढं जायचं असन तं तुमच्या हाती इस्त्री देऊ नये.

५.००

दोघी गुलाम नबीच्या दुकानात गेल्या. लालीनं तिच्या जुन्या कांचोळीचा आरसेवाला तुकडा कापला. जुबैदानं वडिलांच्या मशीनवर तो भोकावर बसवला. लाल, पिवळा, मधे सात आरसे. पांढऱ्या पदरावर असं काही दिसतं की मला बोलावंसंही वाटलं नाही. माझं पहिलं लेक्चर संपूर्ण वाया.

उद्या सकाळी सातची मोटार.

१२ मार्च, गुरुवार, संध्याकाळी ७

मोटारीत बसायला जागा मिळाली. तिकीट एक रुपया सहा नवे पैसे. (कंडक्टर सतरा आणे म्हणतो, तिकिटावर वेगळंच छापलंय. दोघांपैकी कोण खरं हे देशाला अजून ठरवता आलेलं नाही.)

नऊ वाजता यवतमाळ. मोटारअड्ड्यासमोर एका दुकानात पर्सेस लावलेल्या. काळी, चकचकीत, बंद करताना टक् असा आवाज. इंटरव्ह्यूला पर्सशिवाय जाणं बरं दिसत नाही. साडेपाच सांगितली, साडेचारला घेतली, घरखर्चाच्या पैशातून. (डब्याला हात लावलेला नाही.) पाठ फिरवली नाही, फक्त मान फिरवली. लालीला म्हटलं, ही खरी काटकसर. पर्स उघडून पाहिली तर आत काही ठेवायला उरलं नव्हतं.

अकरा वाजता ऑफिसात. कारकुनाच्या टेबलावर कागद दिले. त्यानं माझा फॉर्म पाहिला, दाखला पाहिला, पुन्हा फॉर्म पाहिला. मग चष्मा काढून मला पाहिलं. म्हणाला, बाई, छत्तीस होतात. मी म्हटलं, ती शाळेची चूक आहे. म्हणाला, चूक असेल, पण शाळेनं सही करून केलीय. फॉर्म परत. आवाज मोठा होता, व्हरांड्यातल्या बारा-चौदा मुलींनी ऐकला. लाली भिंतीवरचा नकाशा पाहू लागली. त्या क्षणी तिला नकाशाची एवढी आवड का निर्माण झाली हे मला कळलं, पण मी ते लिहीत नाही.

मी बाहेर निघाले तर शिपाई म्हणाला, मुलीच्या आईनं इथे बाकावर बसावं. बसले. दार अर्धवट उघडं होतं.

आत तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. बाईंनी विचारलं, गावात बाया तुझं ऐकत नसल्या तर काय करशील? लाली म्हणाली, आधी आपुन ऐकाचं जी. आमच्याकडे एक बाई आहे. हप्त्याच्या हप्त्याला तास-दीड तास बोलते. आपुन ऐकून घेतलं की तिचं मन भरते. मंग हळूच आपलं काम काढाचं.

आत हसले. माझा इंटरव्ह्यूत उल्लेख झाला! नाव न घेता, पण झाला.

मग त्या बाई म्हणाल्या, पदरावर हे काय लावलंस? लाली म्हणाली, जळला होता. कोणी जाळला? लाली म्हणाली, जाळला नाही जी. शिकवून राह्यल्या होत्या.

या वेळी आत बराच वेळ हसले. मी पर्स उघडली, बंद केली. टक्.

मग बाईंनी विचारलं, भोक झाकलंस, पण यानंच का झाकलंस? लाली म्हणाली, कपडा बाजारातला होता, फाटला. हे माह्या आईच्या हातचं आहे, हे टिकते.

परत येताना एका मोठ्या कापडदुकानाशी थांबले. समोरून एक जाडसर बाई काळी पर्स घेऊन आली. मी बाजूला झाले, तर तीही त्याच बाजूला झाली. मी दुसरीकडे, तीही दुसरीकडे. म्हटलं, आधी तुम्ही जा. मग लक्षात आलं, तो आरसा होता. पूर्ण उंचीचा. लाली म्हणाली, चाला बाई, मोटार सुटन.

परतीचं तिकीट लालीनं काढलं, दोघींचं. गळ्यातल्या माळेला हात लावला, मग कमरेच्या गाठीतून पैसे काढले. मी म्हटलं, उद्या देते. ती म्हणाली, असू द्या.

१५ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला. सरकारी नोकरी मला मानवलीच नसती. मोटारीत मला मळमळतं, आणि ग्रामसेविकेला रोज हिंडावं लागतं. शिवाय मंडळ कोण चालवणार?

यांनी विचारलं, साडी कोणाच्या पैशाची होती? मी सविस्तर सांगितलं: विक्रेत्याची लबाडी, नायलॉनचा स्वभाव, गुलाम नबीच्या निखाऱ्यांचं प्रमाण. सगळं ऐकून हे म्हणाले, हं. काट्यावर ठेवलं तर तो हं पाव शेर भरला असता.

डब्यात अकरा रुपये पुरे झाले. युनूस आगाऊ न्यायला आला होता. त्याला होळीनंतर ये म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही.

२३ मार्च, सोमवार

सरकारी काम अकरा दिवसांत झाल्याची ही पहिलीच वेळ असावी. लालीची निवड झाली. एक एप्रिलपासून ट्रेनिंग.

ती गूळ घेऊन आली. पाया पडली. म्हणाली, बापानं मुकुटबनच्या पावन्याले सांगितलं, पोरगी सरकारची झाली. मी वाट पाहत होते की आता काही तरी आभार वगैरे मानेल. मी तीन मिनिटांचं उत्तरही तयार ठेवलं होतं. तिनं विचारलं, बाई, पाठ कशी आहे तुमची? मी म्हटलं, बरी आहे. उत्तर तसंच राहिलं.

ती गेल्यावर जुबैदा ब्लाऊज घेऊन आली. (बाही शेवटी मोठीच केली आहे.) सहज सांगावं तसं म्हणाली, ट्रेनिंगच्या गावी जायचं भाडं नाही लालीजवळ. धरमसिंगानं करडू विकाले काढलं. मी म्हटलं, इतकी वेचणी केली पोरीनं, ते पैसे गेले कुठे? जुबैदा काही बोलली नाही. ज्या मुलीला इतकं बोलता येतं तिनं नेमकं तेव्हाच गप्प बसावं! लाली मले कधी मागणारबी नाही.

वर मले लिहिलं आहे. खोडत नाही.

२५ मार्च, बुधवार, धूळवड

तांड्यावरच्या बाया फगवा मागायला गावात आल्या. घोळका करून रस्ता अडवतात, गाणं म्हणत फेर धरतात, फगवा दिल्याशिवाय सोडत नाहीत. दरवर्षी मी आतून कडी लावते आणि हे खिडकीतून दोन आणे टाकतात. आज मीच दार उघडलं.

सगळ्यांत पुढे लालीची आई, मानीबाई. लाली मागे होती, हसत होती, सगळ्या आरशा-कवड्यांसकट वाजत होती. मानीबाई म्हणाली, आज बेबीताई भाएर? फगवा दे वं, मोठ्या घरची हाये तू! बायका हसल्या. मी आत गेले, हिंगाचा डबा उघडला, पैसे मोजले, आणि येऊन तिच्या हातावर ठेवले.

मानीबाईनं नोटांचा वास घेतला, मग मोजल्या. गाणं थांबलं. म्हणाली, फगवा चार आण्याचा रायते बाई. हे दहा कायचे? अन् हे वरचे सहा पैसे कायचे?

लालीचं हसू थांबलं. तिनं पैशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिकिटावर काय छापलेलं असतं हे तिथे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मी म्हटलं, फगव्याला हिशोब विचारू नये.

मानीबाईनं एकदा लेकीकडे पाहिलं, आणि पैसे ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधले. मग आमच्या दारात त्यांनी एक फेर धरला. आजवर कधी धरला नव्हता. लाली त्यात होती.

संध्याकाळी युनूस आला. त्याला परत पाठवलं. हे ओसरीवर बसले होते, म्हणाले, आरसा नाही घ्यायचा? मी म्हटलं, तुमचा दाढीचा आहे तो पुरतो.

डब्यात चौऱ्याण्णव नवे पैसे.